डोक्याकडचे दोन बोल्ट

३ जून

वहिनी, नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही. लेकीला केला तर ती म्हणाली, "काका, आई हल्ली कुणाचाच उचलत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." म्हणून लिहायला बसलोय. मला लिहायची सवय नाही. खोक्यांवर 'काच, जपून' आणि 'ही बाजू वर' एवढंच आजवर लिहीत आलो, तेव्हा सांभाळून घ्या.

तिच्याकडूनच कळलं की कंपनीचं क्वार्टर महिनाअखेर सोडताय, दोन खोल्यांचं घर बघितलंय, आणि सामान न्यायला दुसराच कुणी ठरवलाय. आधी मला खरं वाटेना. वहिनी, सामान हलवणं हा माझा धंदा. अनोळखी लोकांची कपाटं मी जिन्यावरून चढवली, एका बाईची माशांची टाकी माशांसकट नेली, वाटेत एक मासा मेला नाही. आणि सख्ख्या भावाचं घर दुसऱ्याने हलवायचं? माझ्या गाडीवरच्या माणसांना मी काय सांगू?

बरं, काम काही मोठं नाही. मी मनातल्या मनात अंदाज घेतला. दादाचं वजा केलं तर एका माणसाचं सामान ते कितीसं उरतंय! एका खेपेत आटपेल. गाडीत उलट जागाच राहील.

फक्त पलंगाचं बघावं लागेल. तो मी त्या खोलीतच जोडला होता, तिथेच सोडवायला हवा. पायाकडचे बोल्ट लाकडी बुचांखाली दडवलेले आहेत. आमच्या वडिलांच्या वेळच्या सुताराचं डोकं ते, नवख्या माणसाला सापडायचे नाहीत.

दिवस कळवा. गाडी मोकळी ठेवतो.

तुमचा,
फूटपट्टी
(दादाने ठेवलेलं नाव आहे, आता दुसरं कुणी म्हणणारं नाही, म्हणून मीच लिहितो.)

---

८ जून

भाऊजी,

पत्र मिळालं. पाकिटावर माझ्या नावाआधी तुम्ही 'सौ.' लिहिलंत. पोस्टमनला सगळं ठाऊक आहे, त्याने पाकीट उलटं धरून हातात दिलं. मला काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही. चहा गार होता हे तो पिऊन झाल्यावर लक्षात येतं.

माणसं येतात, बोलतात. शेजारीण म्हणाली, "आता झोप तरी नीट लागत असेल तुम्हाला." लागते. दुपारीसुद्धा लागते. कंपनीचा कारकून क्वार्टर बघायला आला होता. सगळ्या खोल्यांतून फिरला आणि म्हणाला, "भिंती काय छान ठेवल्यात हो! पुढच्या माणसाला रंगसुद्धा काढायला नको." कौतुकानेच म्हणाला. मी त्याला चहा दिला.

सामानाला माणूस ठरवलाय तो ठरवलाय. तो आला, सगळं बघितलं, मान हलवली आणि गेला. एक शब्द बोलला नाही. मला तो बरा वाटला.

एका माणसाचं सामान एका खेपेत जाईल, हे तुमचं बरोबर आहे.

पलंगाचं तोच बघेल. त्या पलंगाने शेवटी शेवटी फार त्रास दिला. यांनी नुसती कूस बदलली की करकर. आधी कधी वाजायचा नाही. मी पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली तेव्हा गप्प झाला. पलंगाचं माप तुमच्याकडे आहेच. लागलं तर मागवीन.

वहिनी

---

१२ जून

वहिनी,

'सौ.'चं काय बोलू. हात लिहून गेला. इतकी वर्षं पाकिटावर तेच लिहीत आलोय. हिने बघितलं असतं तर पाकीट फाडायला लावलं असतं, पण मी हुशारी करून आधीच पेटीत टाकून आलो.

पलंगाचं माप म्हणाल तर हो, आहे. तुमच्या दारापेक्षा चांगला वीतभर रुंद. त्या माणसाला सांगा, तिरका करूनही बाहेर पडायचा नाही, उगाच चौकट खरवडेल. करकरायचा का, ते मला माहीत आहे. पत्रात नको, भेटीत सांगेन.

पण वहिनी, हे पलंगाचं नाही, हे मला कळतंय. मी जाड डोक्याचा असलो तरी इतका नाही. माझं काय चुकलं? दादा आजारी असताना शेवटी शेवटी मी आलो नाही, याचा राग आहे का? तुम्हीच फोन केला होता, की डॉक्टरांनी भेटायला कुणाला सोडू नका म्हणून सांगितलंय. मी डॉक्टरांपुढे काय बोलणार? एकदा राहवेना म्हणून संत्री घेऊन दारापर्यंत आलो. आतून काही आवाज येत नव्हता. बेल वाजवली तर त्याची झोपमोड होईल म्हणून पिशवी कडीला अडकवून निघालो. तेवढं सोडलं तर मी डॉक्टरांचं ऐकलं. ऐकायला नको होतं का?

जे असेल ते सांगा. तुम्ही मला दारात उभं करून बोला, पण बोला.

भाऊजी

ता. क. ताई, मी धाकटी लिहितेय. हे हल्ली जेवताना घास हातात धरून बसतात. यांनी नक्की काहीतरी बोलून ठेवलंय. परवा एका नव्या नवरीला म्हणाले, "एवढं सामान घेऊन निघालात, परत येताना मोठी गाडी लागेल." तिच्या आईने चपलेकडे बघितलं. यांना म्हणायचं होतं की तिकडे गेल्यावर भांडीकुंडी वाढतात. पण ते पोटात राहतं आणि बाहेर येतं ते हे असं. तसलं काही असेल तर सांगून टाका. तुम्ही सांगितल्याशिवाय यांना कळायचं नाही.

---

१७ जून

भाऊजी,

विचारलंत म्हणून सांगते. रागाने नाही. राग यायला अंगात काहीतरी लागतं, ते नाही.

तुम्ही शेवटचे आलात ती दुपार. मी स्वयंपाकघरात चहा टाकला होता. कप घेऊन खोलीच्या दारात आले तर तुम्ही पलंगावर वाकला होतात. हातात टेप. यांच्या पायांवरून आडवी धरलेली. हे जागे होते, तुमच्याकडे बघत होते. तुम्ही म्हणालात, "दादा, हा पलंग अख्खा दारातून निघायचा नाही. सोडवूनच न्यावा लागेल." आणि मग म्हणालात, "आत्ता नको. थोडे दिवस जाऊ देत. मग मी येऊन नेतोच."

मी दारातच उभी राहिले. हे हसले. मला वाटलं, धाकट्याला ओशाळं वाटू नये म्हणून हसले. तुम्ही कप घेतलात आणि म्हणालात, "वहिनी, चहा झकास."

तुमचा धंदा आहे, तुम्हाला घर दिसत नाही, सामान दिसतं, हे मला समजतं. हे स्वतःच सांगायचे, फूटपट्टी कुणाच्या लग्नाला गेली तरी आधी दार मोजते. मी हसायचेसुद्धा. पण त्यावर माणूस झोपलेला होता, भाऊजी. तुमचा भाऊ. तो गेल्यावर पलंग कसा काढायचा ते तुम्ही त्याच्याच पायांवरून मोजत होतात.

डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. मीच म्हणाले. तुम्ही पुन्हा टेप घेऊन येऊ नये म्हणून. यांना सांगितलं, भाऊजी गाडी घेऊन बाहेरगावी गेलेत. हे रोज विचारायचे, "फूटपट्टी आली का?" मी म्हणायचे, नाही अजून. मग विचारेनासे झाले. संत्री मला कडीला सापडली. यांना म्हटलं, शेजारणीने दिली. एक सोलून दिलं. अर्धं खाल्लं.

म्हणून दुसरा माणूस ठरवलाय.

धाकटीला सांगा, तुमच्यावर चिडू नये. सवय आहे तुमची.

वहिनी

---

२२ जून

वहिनी,

पत्र आलं तेव्हा मी कामावर निघालो होतो. दारातच वाचलं. मग गेलो, एक कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवलं, जिन्याचा कठडा सोडवून पुन्हा बसवला, परत आलो आणि पुन्हा वाचलं. पत्र तेच होतं.

तुम्ही ऐकलंत ते मी बोललो. शब्द न् शब्द. त्याच्या आधीचं तुम्हाला ऐकू आलं नाही, तुम्ही चहा गाळत होतात. ते लिहितो.

तुम्ही आत गेल्याबरोबर दादाने मला खुणेने जवळ बोलावलं. म्हणाला, "फूटपट्टी, हा पलंग समोरच्या खोलीत जाईल का रे? खिडकीशी?"

मी म्हटलं, "का? काय बघायचंय तुला?"

"पंपघराचं फाटक दिसतं तिथून. पाळी सुटली की आमची मंडळी बाहेर पडतात. बघितलं असतं जरा."

"मग वहिनीला सांग की. त्यात काय एवढं!"

"तिला नको. तिने बघ कसं सगळं हाताशी मांडलंय. मोरी जवळ, स्वयंपाकघरात हाक ऐकू जाते. मी म्हटलं की मला तिकडे न्या, तर तिला वाटेल एवढं करून याचं इथे मन लागत नाही. तू आपणहून काढ विषय. तुझीच काहीतरी टूम म्हणून."

म्हणून मी टेप काढली. पलंग अख्खा त्या दारातून निघत नाही, समोरच्या खोलीत न्यायचा तर सोडवूनच न्यावा लागेल, हे मी त्याला सांगत होतो. आत्ता नको म्हटलं ते पोटातल्या नळीमुळे. नर्स म्हणाली होती, थोड्या दिवसांत काढतील. नळी असताना त्याला उचलून खाली ठेवायचं आणि पुन्हा वर घ्यायचं, हे जमण्यासारखं नव्हतं. नळी निघाली की येऊन नेतोच, असं म्हणालो. समोरच्या खोलीत.

चहा पिताना तुमच्याकडे विषय काढायचा होता. तुमचा चेहरा ओढलेला दिसला. म्हटलं, आज दमल्यात, पुढच्या खेपेला काढू. म्हणून चहाचं बोललो.

आणि ती करकर. पान्हा माझ्या खिशातच असतो. टेप काढायच्या आधी मी डोक्याकडचे दोन बोल्ट जरासे ढिले करून ठेवले, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उरकेल. पडण्याइतके नाही, नुसते सैल. दादा म्हणाला, "आत्तापासूनच?" मी म्हटलं, "एकदा काम सुरू केलं की फूटपट्टी अर्धवट सोडत नाही." त्यावर तो हसला. तुम्ही बघितलंत ते हसणं त्यातलंच उरलेलं असेल. तुम्हाला त्या आवाजाचा वैताग झाला, त्याबद्दल माफ करा.

डॉक्टरांचं जे तुम्ही लिहिलंय, त्यावर मी लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तेवढं राहू दे.

भाऊजी

ता. क. ताई, आम्ही या घरात आलो तेव्हा तुम्ही बघायला आला होतात. म्हणालात, "काय शांत वाटतं गं इथे! आमच्याकडे पोरीचा नुसता धुडगूस." त्याच आठवड्यात आम्ही दवाखान्यातून रिकाम्या हाताने परतलो होतो. तुम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले आणि तुम्हाला पाणी दिलं. नंतर हे मला म्हणाले, वहिनी थकलेल्या आहेत, त्यांना शांत झोप हवीय, दुसरं काही नाही. मला पटायला वेळ लागला. आज हे का लिहिलं, मला कळत नाही. काढून टाकणार होते. पण पान यांच्या पत्राचं आहे.

---

२९ जून

भाऊजी,

आज तो माणूस येऊन सामान घेऊन गेला. एका खेपेत. गाडीत जागा राहिली.

पलंग दारात अडकला. त्यांनी तो आडवा केला, उभा केला, तिरका केला. चौकट खरवडली गेली, ज्या भिंती कारकुनाला आवडल्या होत्या त्यांतल्या एकीचा पोपडा निघाला. पायाकडचे बोल्ट त्याला सापडले नाहीत. मला ठाऊक होतं ते कुठे आहेत, तुम्ही लिहिलं होतं. मी सांगितलं नाही. मग तो पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "बाई, करवत लावू का?" मी नको म्हटलं. तो बाकीचं घेऊन गेला.

डोक्याकडचे दोन मी बोटांनी फिरवून बघितले. फिरतात.

तुमच्या पत्रातलं मी त्या दिवसापासून रोज ताडून बघतेय. पुठ्ठ्याचं सांगायचं राहिलं होतं. मी पहिल्यांदा पायाखाली पुठ्ठा घातला, पलंग गप्प झाला, तेव्हा यांनी तो काढायला लावला. "वाजू दे," म्हणाले. मला वाटलं, तापात बोलतायत. काढला. मग हे मुद्दाम हलायचे. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. करकर झाली की थांबायचे. थोड्या वेळाने पुन्हा. मी म्हटलं, "अहो, स्वस्थ पडा की जरा. जीव नकोसा झालाय त्या आवाजाने." एवढंच म्हटलं. पलंगाबद्दल म्हटलं. हे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं."

मी पुठ्ठा पुन्हा घातला. तो काढायला त्यांनी नंतर सांगितलं नाही.

धाकटीला सांगा, तुमचं ते घर मला आठवतं. हिरवे पडदे होते, तिने मला तांब्याभर पाणी दिलं होतं. मी काय बोलले ते आठवत नाही. फार शोधलं. तिला इतकी वर्षं आठवतंय आणि मला काही आठवत नाही. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

किल्ली उद्या द्यायची होती. कारकुनाने आणखी आठवडाभर मुदत दिली. म्हणाला, "एका पलंगासाठी कशाला अडून बसताय, नवीन घ्या की." त्याला काय माहीत.

लेकीने तिच्याकडे ये म्हटलं, पण मी इथेच आहे. घरात पलंग, चार भांडी आणि मी. पुठ्ठा काढून टाकलाय.

तुम्ही या.

वहिनी

---

१६ जुलै

भाऊजी,

तुम्ही येऊन गेलात त्याला आता बरेच दिवस झाले. त्या दिवशी आपण फारसं बोललो नाही, ते बरं झालं. बोलायचं म्हणून मी चहा टाकला तर लक्षात आलं, कप नव्या घरी गेलेत. आपण भांड्यातूनच वाट्यांत ओतून प्यायलो. तुम्ही "झकास" म्हणायला तोंड उघडलंत आणि मिटलंत. मी बघितलं ते. पुढच्या वेळी म्हणा.

तुम्ही बुचं काढलीत, पलंग सोडवलात, फळ्या उचलल्यात. मला वाटलं, आता गाडीत जातील. तुम्ही त्या समोरच्या खोलीत नेल्यात आणि खिडकीशी पलंग पुन्हा जोडायला बसलात. मी विचारलं नाही. गादी नव्हती, नुसत्या फळ्या होत्या. जोडून झाल्यावर तुम्ही उभे राहिलात, मीही राहिले. पंपघराचा भोंगा झाला. फाटक उघडलं आणि मंडळी बाहेर आली. एकाची सायकल पंक्चर होती, तो ढकलत नेत होता आणि दुसरा उगाच त्याच्याबरोबर चालत होता. एकाने खिडकीकडे बघून हात वर केला. त्याला आतलं काही दिसत नसणार, सवयीने केला असेल. सगळी पांगेपर्यंत आपण बघितलं. मग तुम्ही खाली बसून बोल्ट सोडवायला लागलात, आणि मी बुचं हातात धरली.

इतकी वर्षं त्या घरात राहून मी ते कधी बघितलं नव्हतं. त्या वेळी मी आत असायचे.

इथे पलंग खिडकीशीच लावलाय. समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत आहे, तिच्यावर एक पाइप. ठीक आहे. दिवस जातो. शेजारची बाई पहिल्याच दिवशी विचारून गेली, "एकट्याच का? मग एवढा मोठा पलंग कशाला?" चांगली आहे ती. दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आली.

एकच तक्रार आहे. तुम्ही बोल्ट फार घट्ट केलेत. मी कूस बदलते तर काही आवाज होत नाही. मुद्दाम हलून बघितलं, तरी नाही. पान्हा माझ्याकडे नाही, आणि असता तरी ते काम माझं नव्हे.

धाकटीला घेऊन या. येताना पान्हा आणा. डोक्याकडचे दोन ढिले करून जा.

वहिनी